कर्मवीर भाऊराव पाटील : श्रम आणि विद्या यांची सांगड

बाहुबलीच्या डोंगरावर यात्रेस जाणाऱ्या श्रावक-श्राविकांना कुंभोज हे गाव अपरिचित नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील या गावी २२ सप्टेंबर १८८७ रोजी एका दिगंबर जैन कुटुंबात भाऊरावांचा जन्म झाला. पाटील घराणे मूळचे दक्षिण कर्नाटकातील मूडबिद्रीकडचे. पुढे ते वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक येथे स्थिरावले. वडील पायगोंडा हे सरकारी महसूल खात्यात नोकरीस होते व मातोश्री गंगाबाई धर्मनिष्ठ होत्या. वडिलांच्या बदल्यांमुळे भाऊरावांचे बालपण निरनिराळ्या गावी गेले. अभ्यासापेक्षा तालीम, पोहणे व सवंगडी यांकडे त्यांचा ओढा अधिक होता.

माध्यमिक शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलात दाखल झाले व तेथील जैन बोर्डिंगात राहू लागले. खेड्यापाड्यांतील जैन मुलांनी शिकावे या कळकळीने समाजधुरीणांनी हे बोर्डिंग चालविले होते आणि त्याची देखरेख अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होती. दक्षिण भारत जैन सभेच्या संस्थापकांपैकी एक असलेले लठ्ठे हे उच्चविद्याविभूषित व सुधारणावादी गृहस्थ. तरीही १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास जाऊन आलेल्या भाऊरावांना त्यांनी स्नान केल्यावाचून भोजनास बसता येणार नाही असे बजावले. भाऊरावांनी स्नानास साफ नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. आपल्याच समाजाने आपल्या मुलांसाठी बांधलेल्या छपराखालून हा मुलगा बाहेर पडला. राजर्षी शाहू छत्रपतींनी त्यास आपल्या वाड्यात आश्रय दिला. लठ्ठ्यांना दोष देऊन हा प्रसंग संपविणे सोपे आहे. परंतु त्या काळी सुधारकाच्या घरातही सोवळे किती खोलवर रुजले होते, हेच त्यातून दिसते.

मॅट्रिकची परीक्षा भाऊरावांना उत्तीर्ण होता आले नाही. साताऱ्यास जाऊन ते शिकवण्या करू लागले व पाटील मास्तर म्हणून ओळखले जाऊ लागले. दुधगाव येथे समविचारी मित्रांच्या साहाय्याने विद्यार्थी-आश्रम काढण्याचा पहिला प्रयत्नही याच सुमारास झाला. सर्व जातींच्या मुलांनी एकत्र राहावे हा विचार तेथेच अंकुरला.

१९१४ साली कोल्हापुरात ब्रिटिश राजघराण्यातील पुतळ्यास कोणी डांबर फासले. या प्रकरणात लठ्ठे यांना गुंतविण्याचा घाट घातला गेला आणि त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आले. ज्या माणसाने आपल्याला बोर्डिंगातून घालविले त्याच्यावर सूड उगविण्याची ही आयती संधी होती. भाऊरावांनी खोटी साक्ष देण्याचे नाकारले. त्यापायी त्यांना कोठडी भोगावी लागली, छळ सोसावा लागला. जीव नकोसा व्हावा इतक्या त्या यातना होत्या. तरी ते बधले नाहीत. सत्याणुव्रताची चर्चा आपल्या स्वाध्यायात नित्य होते. त्या व्रताची किंमत किती पडू शकते याचे उदाहरण शोधण्यास आपल्याला पुराणापर्यंत जाण्याचे कारण नाही. लठ्ठे पुढे मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले.

सुटकेनंतर काही वर्षे त्यांनी ओगले यांच्या काचकारखान्याच्या व किर्लोस्करांच्या नांगरांच्या विक्रीचे काम केले. चरित्रकार बहुधा हा काळ चार ओळींत आटोपतात, पण भाऊरावांची खरी शाळा हीच असावी. लोखंडी नांगर विकण्यासाठी त्यांना गावोगाव, बांधाबांधावर जाऊन शेतकऱ्याशी बोलावे लागे. शेतकऱ्याची बुद्धी कमी नाही, कर्ज व अज्ञान यांनी तो जखडला आहे. त्याचा मुलगा चौथीनंतर गुरांमागे जातो तो आवडीने नव्हे, तर तालुक्याच्या गावी राहण्याजेवण्याची सोय नाही म्हणून, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. शाळा काढली म्हणजे शिक्षण पोहोचले असे होत नाही; मुलाच्या भाकरीचा व अंथरुणाचा प्रश्न आधी सुटला पाहिजे, हा त्यांच्या पुढील सर्व कार्याचा पाया याच भटकंतीत घातला गेला.

१९१९ साली विजयादशमीच्या सुमारास, ४ ऑक्टोबर रोजी, कऱ्हाडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. नेर्ले येथेही वसतिगृह सुरू झाले आणि १९२४ साली संस्थेचे केंद्र साताऱ्यास आले. तेथील वसतिगृहात मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन अशी मुले एका पंक्तीस बसू लागली. १९२७ साली महात्मा गांधींनी या वसतिगृहास भेट दिली आणि त्यास छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. ज्या संस्थानात आपण कोठडी सोसली त्याच्याच अधिपतीचे नाव भाऊरावांनी आपल्या कार्यास दिले, कारण वाड्यात मिळालेला आसरा त्यांच्या लेखी कोठडीहून मोठा होता.

या पंक्तीचा भार खरा उचलला तो सौ. लक्ष्मीबाईंनी. कुंभोजच्या कर्मठ जैन घरात वाढलेल्या या माउलीस प्रारंभी शिवाशिव सोडणे किती जड गेले असेल, याची कल्पना आपल्या घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांस सहज येईल. परंतु त्या बदलल्या आणि अठरापगड जातींच्या लेकरांची आई झाल्या. धान्य संपले की अंगावरील एकेक दागिना बाजारात जाई. एकदा भाऊराव परगावी असताना चूल पेटण्याची पंचाईत झाली, तेव्हा त्यांनी गळ्यातील मंगळसूत्रही देऊन टाकले. ३० मार्च १९३० रोजी त्यांचे निधन झाले. भाऊरावांच्या नावापुढे पदव्या लागल्या त्या पाहण्यास त्या राहिल्या नाहीत.

आपल्या धर्मात आहारदान व ज्ञानदान यांची थोरवी मोठी आहे आणि समाजातील अनेक बोर्डिंगे त्याच भावनेतून उभी राहिली. भाऊरावांनी या परंपरेत एक वेगळी गोष्ट आणली. दान घेणारा मुलगा मान खाली घालून जेवतो, हे त्यांना सलत होते. म्हणून त्यांच्या वसतिगृहात ज्याच्या घरी धान्य असे तो शिधा आणी, ज्याच्या घरी काही नसे तो अंगमेहनत देई, आणि दोहोंचे मोल सारखे धरले जाई. मुले स्वतः स्वयंपाक करीत, पाणी भरीत, शेतात खपत, दगड फोडीत, इमारतीसाठी माती वाहत. दुपारी हातात कुदळ व सकाळी पुस्तक, यात कोणास कमीपणा वाटत नसे, कारण ते सर्वांनाच करावे लागे. फुकट शिकविले असे म्हणण्याची सोयच उरली नाही.

१९३२ साली येरवडा करारानंतर पुण्यात युनियन बोर्डिंग निघाले. १९३५ मध्ये साताऱ्यास प्राथमिक शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज सुरू झाले. खेड्यात शाळा हवी तर खेड्यात राहणारा शिक्षक आधी घडविला पाहिजे, हा त्यामागील हिशेब होता. पुढे पाचशेहून अधिक व्हॉलंटरी शाळा वाड्यावस्त्यांवर उघडल्या. १९४० साली साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल स्थापन झाले. निवास व शिक्षण मोफत आणि त्याच्या बदल्यात श्रम, अशी माध्यमिक शाळा त्या काळी अपूर्वच होती. जून १९४७ मध्ये याच तत्त्वावर छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. मॅट्रिकच्या उंबरठ्यावर अडलेला माणूस कॉलेज काढतो, याचे अनेकांना नवल वाटले. त्यांच्या वसतिगृहातून शिकून विलायतेस गेलेले बॅरिस्टर पी. जी. पाटील पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या नावाने १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प भाऊरावांनी सोडला. त्याच सुमारास सरकारवर केलेल्या टीकेमुळे संस्थेचे अनुदान थांबले. भाऊरावांचा स्वभाव तापट होता व जिभेवर त्यांचा ताबा नसे, हे त्यांच्या निकटवर्तीयांनीही नाकारलेले नाही. त्याची झळ संस्थेला व मुलांना बसली. परंतु गावकरी धावून आले, शाळा चालू राहिल्या व कालांतराने अनुदानही पुन्हा सुरू झाले. १९५४ साली कऱ्हाडला सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज उभे राहिले.

१९५९ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण व पुणे विद्यापीठाने डी. लिट. ही पदवी अर्पण केली. त्याच वर्षी ९ मे रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले. साताऱ्यात संस्थेच्या आवारातच त्यांची समाधी आहे. पुणे विद्यापीठाच्या महाविद्यालयांत गरजू विद्यार्थी काही तास काम करून आपला खर्च भागवितात, त्या कमवा व शिका योजनेस कर्मवीरांचे नाव आहे. आणि रयतच्या विद्यार्थिनी वसतिगृहांवर नाव आहे ते लक्ष्मीबाईंचे.