सहा बिंदूंचे शिल्पकार : लुई ब्रेल

पॅरिसच्या पूर्वेस सुमारे ४० किलोमीटरवर कूव्रे नावाचे खेडे आहे. खोगीर व घोड्यांचा साज बनविणाऱ्या एका कारागिराच्या घरी तेथे ४ जानेवारी १८०९ रोजी लुई ब्रेल यांचा जन्म झाला. वयाच्या तिसऱ्या वर्षी वडिलांच्या कामाच्या जागी खेळताना चामडे टोचण्याची आरी त्यांच्या डोळ्यात घुसली. जखम चिघळली, दुसऱ्या डोळ्यालाही संसर्ग झाला आणि पाच वर्षांचे होईतो त्यांची दृष्टी पूर्णपणे गेली.

मातापित्यांनी मात्र मुलाला घराच्या कोपऱ्यात बसवून ठेवले नाही. गावच्या शाळेत तो डोळस मुलांबरोबर शिकला. १८१९ साली त्याला पॅरिसच्या शाही अंध विद्यालयात प्रवेश मिळाला. तेथील पुस्तकांत नेहमीचीच रोमन अक्षरे मोठ्या आकारात उठावदार छापलेली असत. पुस्तके अवजड व मोजकीच होती. एकेक अक्षर चाचपीत वाचताना वाक्याचा आरंभ विसरून जावा, अशी स्थिती. शिवाय त्या अक्षरांत अंधांना स्वतः लिहिता येत नसे. ही उणीव डोळस शिक्षकांना फारशी जाणवली नसावी.

१८२१ मध्ये शार्ल बार्बिए या निवृत्त लष्करी अधिकाऱ्याची बिंदुलिपी विद्यालयात आली. पाटीवर कागद बसवून टोच्याने बिंदू उमटवावयाचे, हे तिचे साधन. पण एका चिन्हात १२ पर्यंत बिंदू असल्याने ते बोटाच्या एका स्पर्शात मावत नसे. शिवाय ही लिपी उच्चारांची होती. शुद्धलेखन व विरामचिन्हे यांना तीत स्थान नव्हते. कुमारवयीन लुईने बिंदू १२ वरून सहावर आणले. तीन-तीन बिंदूंच्या दोन उभ्या ओळींतून ६३ चिन्हे तयार होतात व प्रत्येक चिन्ह बोटाच्या टोकाखाली सामावते. १८२४ साली, पंधराव्या वर्षी, ही रचना सिद्ध झाली. १८२९ मध्ये ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. स्वतः उत्तम ऑर्गनवादक असल्याने त्यांनी संगीतलेखनाचीही सोय केली. पाटीवर उजवीकडून डावीकडे टोचावे आणि कागद उलटून डावीकडून वाचावे, ही लेखनाची रीत आजही चालू आहे.

पुढे ते त्याच विद्यालयात शिक्षक झाले. विद्यार्थ्यांनी लिपी तत्काळ आपलीशी केली. विरोध झाला तो डोळसांकडूनच. निराळ्या लिपीमुळे अंध समाजापासून तुटतील, असे त्यांचे म्हणणे. १८४० नंतर काही काळ विद्यालयात तिच्यावर बंदीही आली, तरी मुले चोरून लिहीतच राहिली. ब्रेल यांनी या आक्षेपाला वाद न घालता उत्तर दिले, हे विशेष. १८३९ मध्येच त्यांनी डोळसांनाही वाचता येतील अशी अक्षरे बिंदूंनी काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली होती. पिएर फूको या अंध मित्राने तिच्यासाठी यंत्र तयार केले. अंध मुलगा आता घरी स्वहस्ते पत्र धाडू शकत होता. १८४४ मध्ये विद्यालयाच्या नव्या वास्तूच्या उद्घाटनप्रसंगी ब्रेल लिपीचे जाहीर प्रात्यक्षिक झाले आणि विरोध मावळला.

क्षयाने मात्र त्यांना ग्रासले होते. ६ जानेवारी १८५२ रोजी, वयाच्या ४३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. फ्रान्सची अधिकृत मान्यता त्यानंतर दोन वर्षांनी आली. भारतीय भाषांसाठी १९५१ मध्ये भारती ब्रेल निश्चित झाली. आपली मराठी तीतच लिहिली जाते. तिचा ‘अ’ म्हणजे ब्रेल यांच्या पहिल्या अक्षराचाच एक बिंदू. १९५२ साली त्यांच्या अस्थी पॅरिसच्या पँथिऑनमध्ये सन्मानाने नेण्यात आल्या. हात मात्र कूव्रेच्या ग्रामस्थांनी आपल्याच गावी ठेवून घेतले.