लेन्स की सॉफ्टवेअर? फाळक्यांनी काय केलं?
साठवलेल्या पैशांत भारी लेन्स घ्यायची की एडिटिंगचं सॉफ्टवेअर? लोणावळ्यात फोटो काढून परतताना हा प्रश्न तुम्हालाही छळतोच ना? मग इथेच एकेकाळी छापखाना चालवणाऱ्या माणसाला भेटा : धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजेच आपले दादासाहेब.

१९०६ मध्ये पुरातत्त्व खात्यातली नोकरी सोडून त्यांनी लोणावळ्यात छापखाना काढला. मळवलीजवळच्या रविवर्मा प्रेससाठी ते फोटो-लिथोचं काम करायचे. फोटो निघाल्यावरचं काम. तुमच्या भाषेत 'पोस्ट'!

१९१२ मध्ये विमा पॉलिसी गहाण ठेवून ते लंडनला गेले. विल्यमसन कॅमेरा घेतलाच, पण फिल्मला भोकं पाडायचं यंत्रही मागवलं. कारण कच्च्या फिल्मला भोकं नसायची आणि त्यांच्याशिवाय ती कॅमेऱ्यात सरकायचीच नाही. मग भोकं पाडायचं काम सरस्वतीबाईंनी शिकून घेतलं. पुढच्या भांडवलासाठी दादासाहेबांनी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ फ्रेम-फ्रेम टिपून दाखवली. पैसे उभे राहिले आणि ३ मे १९१३ ला मुंबईत 'राजा हरिश्चंद्र' झळकला.

तेव्हा दोस्तांनो, खिसा रिकामा करण्याआधी एवढंच बघा : तुमचं काम नेमकं कुठे अडतंय? पैसे तिथेच घाला.