झूगे लियांग: क्रॉसबोला अपडेट देणारा पंतप्रधान

गेममध्ये रिपीटिंग क्रॉसबो वापरलाय? चीनमध्ये तो झूगे लियांगच्या नावाने ओळखतात. जन्म 181. 221 मध्ये तो शू राज्याचा पंतप्रधान झाला, 234 मध्ये मोहिमेवरच वारला. असा क्रॉसबो मात्र त्याच्या पाचशेहून जास्त वर्षं आधीच्या थडग्यात सापडलाय. म्हणजे शोध त्याचा नाही. जुन्या नोंदींनुसार त्याने त्यात सुधारणा केल्या.

त्याच्या नावाच्या या क्रॉसबोचा लिव्हर पुढे ढकलला की दोरी खाचेत बसते आणि पेटीतला बाण खाली पडतो. मागे ओढला की बाण सुटतो. एक बाण वाकडा असला तरी पेटी अडकते. म्हणून सगळे सरळ, एकाच मापाचे, बिनपिसांचे हवेत. आमच्या मुरब्यात दर्यावर जायच्या आधी जाळी तपासतात, तशीच दोरीही तपासायची. पहिलं व्हर्जन कोणाचं, ते कोणालाच ठाऊक नाही. नाव राहिलं सुधारणाऱ्याचं.