खुणेचा अर्थ आणि वाचणारा : डॉ. हरगोविंद खोराना

पिपलानीत माझ्याकडे गाणे शिकावयास येणाऱ्या मुलांना डॉ. हरगोविंद खोराना ह्यांचे नाव ठाऊक असते ते १९६८ च्या नोबेल पारितोषिकापुरते. मला मात्र पारितोषिकानंतरचे खोराना अधिक मोठे वाटतात.

त्यांचा जन्म १९२२ चा, मुलतानकडील रायपूर खेड्यातला. वडील पटवारी, शंभरेक वस्तीच्या त्या गावात लिहितावाचता येणारे घर काय ते हेच. पहिले धडे झाडाखाली झाले. लाहोरला एम.एस्सी. होऊन ते सरकारी शिष्यवृत्तीवर लिव्हरपूलला गेले आणि १९४८ साली डॉक्टरेट मिळविली. १९४९ साली मायदेशी परतले, तो येथे नोकरी मिळेना. आश्रय नसला की विद्या गाव सोडते, हे दरबारी गवयाच्या मुलाला काय सांगावे! ते केंब्रिजला, तेथून १९५२ साली कॅनडात आणि १९६० साली अमेरिकेत विस्कॉन्सिनला गेले.

पेशीत प्रथिने कशी बांधावयाची, ते चार रासायनिक अक्षरांत लिहिलेले असते. तीन-तीन अक्षरांचे ६४ शब्द होतात. त्यांतले ६१ शब्द २० अमिनो आम्लांचे, उरलेले ३ थांबण्याच्या खुणा. ठरावीक क्रमाच्या साखळ्या स्वतः घडवून ह्या शब्दांचे अर्थ लावण्यात खोरानांचा वाटा मोठा. नोबेल मिळाले ते ह्याच कामाबद्दल, नीरेनबर्ग आणि हॉली ह्यांच्यासमवेत.

पण स्वरलिपी आपण होऊन गात नाही. ती वाचणारा गळा लागतो. पेशीतला तो गळा म्हणजे ट्रान्सफर आरएनए. तो एका टोकाने शब्द ओळखतो, दुसऱ्या टोकाने नेमके अमिनो आम्ल आणून देतो. खोरानांनी ह्या वाचकाचेच जनुक घडवावयास घेतले. १९७० साली यीस्टमधील अशा एका रेणूचे ७७ जोड्यांचे जनुक तयार झाल्याचे त्यांनी जाहीर केले. १९७६ साली दुसरे जनुक जिवंत जंतूत चालवून दाखविले. त्यापासून होणारा वाचक थांबण्याच्या खुणेवर थांबत नसे. तेथे टायरोसीन बसवीत असे. लिपी तीच, वाचक बदलला आणि अर्थ बदलला.

निसर्गही हेच करीत आला आहे. ह्या जनुकांच्या नकला होतात, पिढ्यानपिढ्या त्यांत एखादे अक्षर बदलते. कँडिडा नावाच्या बुरशीत ल्यूसीनचा एक शब्द अशाच फेराने सेरीनचा झाला. माणसाच्या पेशींतील तंतुकणिकांत थांबण्याची एक खूण ट्रिप्टोफॅन म्हणून वाचली जाते, हे १९७९ साली उघड झाले.

खोराना २०११ साली अमेरिकेत वारले. १९६९ साली भारताने त्यांना पद्मविभूषण दिले. ज्याला वीस वर्षांपूर्वी साधी नोकरी देता आली नाही, त्याचाच तो गौरव होता. मुलांना त्यांचे नाव सांगताना ही दोन्ही साले एकत्र सांगावीत, असे मला वाटते.