महाकमळ फुलविणारा माळी

सुटीच्या दिवशी पांप्लेमूसच्या बागेत गेलेले आपले कुटुंब त्या तळ्याच्या काठी थांबल्यावाचून पुढे जात नाही. काठ उचललेल्या परातींसारखी ती हिरवी पाने पाहून एखादे पोर विचारतेच, यावर बसता येईल का? १८४९ साली इंग्लंडमध्ये एका माळ्याने हे खरोखरच करून पाहिले. त्या जोसेफ पॅक्स्टनची हकीकत आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

पॅक्स्टनचा जन्म ३ ऑगस्ट १८०३ चा. घर गरीब शेतकऱ्याचे, भावंडे पुष्कळ, शिक्षण बेताचे. लंडनजवळच्या बागेत काम मिळावे म्हणून त्याने आपले वय दोन वर्षांनी वाढवून सांगितले होते. तिथे त्याचे काम डेव्हनशायरच्या ड्यूकना आवडले आणि बाविसाव्या वर्षी तो त्यांच्या चॅट्सवर्थ येथील बागेचा मुख्य माळी झाला. १८२६ च्या मे महिन्यात तो पहाटे साडेचारला तिथे पोहोचला, दार बंद म्हणून फाटकावरून चढून आत गेला, बाग पाहिली आणि सहाला माणसांना कामाला लावले. न्याहारीला गेला तर घरव्यवस्था पाहणाऱ्या बाईंची भाची सारा भेटली. पुढच्या वर्षी तिच्याशी लग्नही झाले!

आपल्या बेटाशीही त्याचा एक धागा आहे. चीनहून मॉरिशसला आलेल्या एका बुटक्या केळीची रोपे चार्ल्स टेलफेअर यांनी १८२९ साली इंग्लंडला पाठविली. त्या वंशातले रोप पॅक्स्टनने मिळवून वाढविले. १८३५ मध्ये ते फुलले आणि त्याला मालकाच्या घराण्याचे कॅव्हेंडिश हे नाव मिळाले. आज परदेशी बाजारात जाणारी बहुतेक केळी याच गटातली.

आता महाकमळाकडे वळू. ते दक्षिण अमेरिकेतल्या संथ, उबदार पाण्यातले. त्याचे बी सुकले की मरते, म्हणून दूरच्या प्रवासात ते टिकेना. ओल्या मातीत आणलेल्या बियांतून क्यूच्या बागेत रोपे आली, ती हिवाळ्यात गेली. १८४९ च्या आरंभी स्वच्छ पाण्याच्या कुप्यांतून बी आले, तेव्हा कुठे ते नीट रुजले. त्यांतले एक लहान रोप पॅक्स्टनने ऑगस्टमध्ये चॅट्सवर्थला नेले.

त्याने काय केले, ते घरी हौद बांधून कमळे लावणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. रोपाला सकस माती दिली, नळ्यांनी पाणी ऊबदार ठेवले आणि ते साचून कुजू नये म्हणून हौदात छोटी चाके फिरती ठेवली. नदीचे पाणी हलते, मग हौदाचे का नको, एवढाच विचार. पाने वाढू लागली तेव्हा हौद पुरेना, तो मोठा केला. अडीच महिन्यांत पाने चार फुटांवर गेली आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला कळी उमलली. पहिल्या संध्याकाळी फूल पांढरे आणि सुवासिक, दुसऱ्या संध्याकाळी गुलाबी. क्यूला फूल यायला पुढचे वर्ष उजाडले. पॅक्स्टनने एक फूल आणि पान राणी व्हिक्टोरियाला नेऊन दिले.

सात वर्षांच्या ॲनीला पानावर उभे केले ते याच दिवसांत. पण पानावर धातूची झाकणी ठेवून, म्हणजे भार सगळीकडे वाटला गेला. खाली फांद्यांसारख्या जाड, काटेरी शिरा असल्या तरी पानाचा पापुद्रा पातळच. टाच रुतली की फाटतो. आपल्या पोरांना तळ्याकाठी हे सांगावे. चौकीदाराची भीती वेगळीच.

पुढच्या वर्षी त्याने या कमळासाठी काचेचे घर बांधले आणि त्याच धर्तीवर १८५१ च्या प्रदर्शनासाठी लंडनचा १,८४८ फूट लांबीचा काचमहाल उभा केला. पानाच्या शिरा पाहून महाल सुचला असे लोक म्हणतात. आम्हांला ते अर्धेच खरे वाटते, कारण नागमोडी काचेची छपरे तो आधीपासून बांधीत होता. त्या कामासाठी त्याला सर ही पदवी मिळाली, पुढे पार्लमेंटातही निवडून गेला.

८ जून १८६५ रोजी सिडनहॅम येथे त्याचे निधन झाले. तिथेच हलविलेला काचमहाल १९३६ साली जळाला. कमळाचे घरही उरले नाही. क्यूला मात्र अजून दर वर्षी नवे बी पाण्यात रुजवून हे कमळ वाढवितात, कारण तिथला हिवाळा त्याला सोसत नाही.