भास्कराचार्य : प्रश्नांतून शिकविणारे आचार्य

खानदेशात चाळीसगावजवळ, डोंगरांच्या पायथ्याशी पाटण नावाचे प्राचीन स्थळ आहे. तेथील भवानीच्या मंदिरातील एक शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली विद्वानांच्या नजरेस आणला. शके ११२८ चा हा लेख एखाद्या लढाईच्या वा विजयाच्या स्मरणार्थ कोरलेला नाही. तो एका विद्यापीठाच्या, त्या काळच्या भाषेत मठाच्या, स्थापनेची नोंद आहे. आजोबांनी लिहिलेल्या ग्रंथांचे अध्ययन अखंड चालावे म्हणून एका नातवाने तो मठ उभारला होता. नातवाचे नाव चांगदेव आणि आजोबांचे नाव भास्कराचार्य.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ.स. १११४ मध्ये झाला. सह्याद्रीच्या कुशीतील विज्जडविड हे आपले गाव असल्याचे त्यांनी स्वतःच नोंदवून ठेवले आहे. घराण्यात विद्या पिढ्यान्‌पिढ्या नांदत होती. त्यांच्या एका पूर्वजास भोजराजाने विद्यापती ही पदवी दिल्याचे पाटणचा लेख सांगतो. वडील महेश्वर हे स्वतः ज्योतिषी होते आणि तेच भास्कराचार्यांचे गुरू. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, इ.स. ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ पूर्ण केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग. पुढे एकोणसत्तराव्या वर्षी त्यांनी ‘करणकुतूहल’ हा ग्रंथ लिहिला. एवढ्या वयातही लेखणी खाली न ठेवणाऱ्या या आचार्यांची विद्यानिष्ठा त्यातून दिसून येते.

या सर्वांत विद्यार्थ्यांच्या हाती सर्वाधिक फिरला तो ‘लीलावती’ हा अंकगणिताचा ग्रंथ. लीलावती ही आचार्यांची कन्या असून घटिकापात्रात मोती पडल्यामुळे तिच्या विवाहाचा मुहूर्त टळला, ही कथा फैजीने १५८७ साली अकबराच्या आज्ञेवरून केलेल्या फारसी भाषांतरातून प्रसृत झाली. मूळ ग्रंथात ती नाही. मात्र मूळ ग्रंथात आचार्य कधी एखाद्या बालेला, कधी सख्याला, तर कधी गणिती मित्राला प्रश्न विचारतात. रुक्ष सूत्रांच्या ग्रंथात त्यांनी विद्यार्थ्याला समोर बसवून घेतले, हे ‘लीलावती’चे खरे वैशिष्ट्य होय.

आज अकरावीच्या पुस्तकात क्रमचय आणि संचय या नावांनी जो विषय येतो, त्याची शाब्दिक उदाहरणे या ग्रंथात आठशे वर्षांपूर्वीच सापडतात. हा विषय भास्कराचार्यांनी प्रथम शोधला असे नव्हे. छंदःशास्त्रात लघु-गुरूंच्या मांडणीचा विचार पिंगलापासून चालत आला होता आणि नवव्या शतकातील महावीराचार्यांनी संचयाचा सामान्य नियमही दिला होता. भास्कराचार्यांनी तो विचार विद्यार्थ्याच्या ओळखीच्या जगात आणून बसविला.

मधुर, आम्ल, क्षार, कटु, तिक्त आणि कषाय अशा सहा रसांपासून एक, दोन, तीन असे रस घेऊन व्यंजनाचे किती प्रकार होतील, असा त्यांचा एक प्रश्न आहे. येथे आंबट आधी की गोड आधी, याने पदार्थ बदलत नाही. म्हणून केवळ निवड मोजावयाची. सहाला एकाने भागले की सहा. त्यास पाचाने गुणून दोनाने भागले की पंधरा. त्यास चाराने गुणून तिनाने भागले की वीस. याच रीतीने पुढे पंधरा, सहा आणि एक येतात व एकूण प्रकार त्रेसष्ट होतात.

क्रम बदलताच वस्तू बदलत असेल, तर मात्र गणना निराळी होते. ग्रंथाच्या अखेरीस येणारे ‘अंकपाश’ हे प्रकरण याच गणनेचे आहे. श्रीहरीच्या चार हातांत शंख, चक्र, गदा आणि पद्म यांची अदलाबदल केल्यास मूर्तीचे किती भेद होतील? पहिल्या हातासाठी चार पर्याय, दुसऱ्यासाठी उरलेले तीन, मग दोन आणि शेवटी एक. त्यांचा गुणाकार चोवीस. संध्येतील केशव, नारायण, माधव या क्रमाने येणारी विष्णूची चोवीस नावे घरोघरी म्हटली जात. त्या चोवीस मूर्तींची ओळख आयुधांच्या क्रमावरूनच पटते. दशभुज शंभूच्या दहा आयुधांविषयीही असाच प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर ३६,२८,८०० इतके येते. दहा हातांत एवढी विविधता दडलेली पाहून विद्यार्थी विस्मित झाला नाही तरच नवल!

४, ८, ५, ५, ५ या अंकांपासून पाच अंकी किती संख्या होतील, हाही त्यांतलाच एक प्रश्न. पाच भिन्न अंकांच्या १२० संख्या होतात. पण येथे तीन पाचांची आपसांत सहा प्रकारे अदलाबदल केली तरी संख्या तीच राहते. म्हणून १२० ला ६ ने भागावयाचे. उत्तर २०. त्या वीसही संख्यांची बेरीज ११,९९,९८८ होते, आणि तीही एकेक संख्या न मांडता काढण्याची रीत आचार्य देतात. अशा प्रश्नात काय मोजावयाचे आणि काय दुबार मोजले गेले, हे ओळखण्यातच खरी कसोटी असते. गर्व वाहणाऱ्या बटूंचा येथे हमखास पाडाव होईल, असा मिस्कील इशारा आचार्यांनी याच प्रकरणात देऊन ठेवला आहे.

आचार्यांमागे त्यांचा पुत्र लक्ष्मीधर यादवराजा जैत्रपालाच्या दरबारी मानाने गेला. नातू चांगदेव हा सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी झाला. राजाश्रय लाभल्यावर त्याने पाटणला मठ स्थापिला आणि तेथील निकुंभवंशीय सोइदेवाने त्यास दान दिले. त्या लेखाचा मोठा भाग संस्कृतात असला, तरी मठाच्या उत्पन्नाचा तपशील जुन्या मराठीत कोरलेला आहे, कारण तो बाजारातल्या माणसांना समजावयास हवा होता. पाटणच्या पेठेत उघडणाऱ्या मालावरील गिऱ्हाइकांकडून राजाला मिळणारे उत्पन्न मठास दिले गेले आणि घाण्यामागे पळीपळी तेल देण्याचेही ठरले.

श्रेष्ठ ग्रंथ निर्माण झाला म्हणजे विद्या टिकली असे होत नाही. तो शिकविणारा आणि शिकणारा प्रत्येक पिढीत पुन्हा घडवावा लागतो. भास्कराचार्यांच्या गणितामागे त्यांच्या घराण्याची तपश्चर्या होती, राजाचे औदार्य होते आणि पाटणच्या गिऱ्हाइकांचा व तेल्यांचाही वाटा होता. आज अकरावीच्या वर्गात एखादी मुलगी शब्दातील दुबार आलेली अक्षरे शोधून त्यांच्या अदलाबदलीने भागाकार करते, तेव्हा पाटणच्या त्या मठात सुरू झालेला पाठच ती पुढे चालवीत असते.