तुकडोजी महाराज

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (३० एप्रिल १९०९ – ११ ऑक्टोबर १९६८) हे विदर्भातील संतकवी, कीर्तनकार व समाजसुधारक होते. अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यातील मोझरी येथील गुरुकुंज आश्रमाचे ते संस्थापक होत. प्राचीन धर्मग्रंथांतील संकल्पनांचा ग्रामजीवनाच्या दृष्टीने नवा अर्थ मांडणारा ‘ग्रामगीता’ हा त्यांचा प्रमुख ग्रंथ आहे.

बालपण व गुरुपरंपरा

तुकडोजी महाराजांचा जन्म अमरावती जिल्ह्यातील यावली येथे एका गरीब कुटुंबात झाला. त्यांचे मूळ नाव माणिक, वडिलांचे नाव बंडोजी इंगळे व आईचे नाव मंजुळाबाई होते. शालेय शिक्षण अल्पकाळच लाभले. भजन, ध्यान व एकांत यांकडे मात्र त्यांचा बालपणापासून ओढा होता. वरखेड येथील आडकोजी महाराज हे त्यांचे गुरू. माणिकचे ‘तुकड्या’ हे नाव त्यांनीच ठेवले, असे सांगितले जाते. पुढे काव्यात ‘तुकड्यादास’ ही नाममुद्रा रूढ झाली. गुरूंच्या निधनानंतर चिमूर परिसरातील रामदिघीच्या अरण्यात त्यांनी काही काळ साधनेत घालविला.

तिवसा तालुक्याला पुराणपरंपरेचा मोठा वारसा आहे. याच तालुक्यात वर्धा नदीकाठी वसलेले कौंडिण्यपूर हे भागवतात वर्णिलेल्या रुक्मिणीचे माहेर मानले जाते. वऱ्हाडातील सामान्य माणसाला पुराणकथा, गीता व संतवाङ्मय यांचा परिचय पोथीवाचन, कीर्तन व भजन यांतून होत असे. तुकडोजी महाराजांनी हेच माध्यम स्वीकारले आणि खंजिरीच्या साथीवर मराठी व हिंदी भजने गात गावोगावी संचार केला.

गुरुकुंज आश्रम व सामाजिक कार्य

१९३५ मध्ये त्यांनी मोझरी येथे गुरुकुंज आश्रमाची स्थापना केली. १९३६ मध्ये महात्मा गांधींच्या निमंत्रणावरून ते सेवाग्राम येथे राहिले. १९४२ च्या आंदोलनात चिमूर व आष्टी परिसरातील जनजागृतीत त्यांच्या भजनांचा मोठा वाटा होता. ऑगस्टमध्ये त्यांना चंद्रपूर येथे अटक झाली. नागपूर व रायपूर येथील तुरुंगवासानंतर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांची सुटका झाली.

स्वातंत्र्यानंतर श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या शाखांमार्फत ग्रामसफाई, व्यसनमुक्ती, अस्पृश्यतानिवारण व सामुदायिक प्रार्थना यांचा प्रसार झाला. सकाळचे सामुदायिक ध्यान व सायंकाळची सामुदायिक प्रार्थना हा मंडळाचा नित्यक्रम ठरला. प्रार्थनेत जात, पंथ वा श्रीमंती यांवरून आसनभेद नसे. विनोबा भावे यांच्या भूदान चळवळीलाही महाराजांनी साहाय्य केले. १९५५ मध्ये जपानमधील विश्वधर्म व विश्वशांती परिषदेस ते उपस्थित होते. भारत साधुसमाजाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले.

ग्रामगीता

‘ग्रामगीता’ १९५५ मध्ये प्रकाशित झाली. ग्रंथात ४१ अध्याय व ४,६७५ ओव्या आहेत. महाराजांनी तो ग्रामदेवतेला अर्पण केला.

भगवद्गीतेचा आशय मराठीत आणण्याची परंपरा तेराव्या शतकातील ज्ञानेश्वरीपासून चालत आलेली आहे. ज्ञानेश्वरी ही गीतेवरील टीका आहे. ग्रामगीतेचे स्वरूप त्याहून निराळे आहे. तिच्यात मूळ श्लोकांचे क्रमाने विवरण नाही. महाराजांनी गीतेचे नाव, ओवीची रचना आणि श्रोत्याच्या शंकेचे समाधान करीत पुढे जाण्याची निरूपणपद्धती परंपरेतून घेतली. विषय मात्र गावाचा निवडला. परमार्थाचे ज्ञान संस्कृत जाणणाऱ्यांपुरते किंवा संसार सोडणाऱ्यांपुरते राहू नये, शेतात राबणाऱ्यालाही ते त्याच्या कामातून साधता यावे, ही या ग्रंथामागील भूमिका आहे.

प्राचीन संज्ञांचा नवा अर्थ हे ग्रामगीतेचे वैशिष्ट्य होय. ग्रंथाचा आरंभ ‘देवदर्शन’ या अध्यायाने होतो. परंतु देव मूर्तीपुरता मर्यादित न ठेवता लोकांच्या सेवेत त्याचा शोध घेण्यास सांगितले आहे. वर्णव्यवस्थेची चर्चा करताना जन्मापेक्षा गुण व कर्म यांना महत्त्व दिले आहे. ‘संत-चमत्कार’ या अध्यायात चमत्कारांवरून संतत्व ठरविण्याच्या वृत्तीचा, तर ‘प्रारब्धवाद’ या अध्यायात दैवावर भार टाकून निष्क्रिय राहण्याचा निषेध आहे. त्यापुढील अध्याय प्रयत्नाचे महत्त्व सांगतो. वैकुंठाची कल्पनाही येथे परलोकाकडून गावाकडे वळते. ‘भूवैकुंठ’ या अध्यायात स्वच्छ, सुशिक्षित व एकोप्याने नांदणारे गाव हेच वैकुंठ मानले आहे.

ग्रामशुद्धी, ग्रामआरोग्य, श्रमसंपत्ती, जीवनशिक्षण व महिलोन्नती असे विषयही धर्मविचाराचाच भाग म्हणून येतात. विवाहातील अवास्तव खर्च व हुंडा यांना ग्रंथात विरोध आहे. मंदिराने गावाच्या शिक्षणाचे व संस्कारांचे केंद्र व्हावे, अशी अपेक्षा आहे. भाषा सुबोध असल्यामुळे अक्षरओळख नसलेल्या श्रोत्यांनाही सामूहिक वाचनातून हा ग्रंथ समजू शकला.

परंपरा त्यागावी असे महाराज सांगत नाहीत. तिच्यातील रूढी पारखून घ्याव्यात असे सांगतात. भूवैकुंठाची कल्पना वारकरी श्रोत्याला परिचित होती. म्हणून सुधारणेचा आग्रह परका वाटला नाही आणि भजन व ग्रामसफाई एकाच दिनक्रमाचे भाग होऊ शकले.

अन्य साहित्य

‘अनुभवसागर भजनावली’, ‘राष्ट्रीय भजनावली’ व ‘लहरकी बरखा’ हे त्यांचे अन्य ग्रंथ होत. ‘श्रीगुरुदेव’ मासिकातूनही त्यांचे विचार प्रसिद्ध होत असत.

निधन व स्मृती

११ ऑक्टोबर १९६८ रोजी सायंकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी गुरुकुंज आश्रमात तुकडोजी महाराजांचे निधन झाले. त्यांची समाधी आश्रम परिसरात आहे. दरवर्षी आश्विन वद्य पंचमीच्या सुमारास होणाऱ्या पुण्यतिथी महोत्सवात त्याच वेळी हजारो अनुयायी मौन श्रद्धांजली अर्पण करतात. भारतीय डाक विभागाने १९९३ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. नागपूर विद्यापीठालाही त्यांचे नाव देण्यात आले आहे. विदर्भातील अनेक गावांत ग्रामगीतेचे वाचन व सामुदायिक प्रार्थना आजही चालू आहेत.